पहिलं अर्धं मिनिट

माझ्या धंद्यात पहिलं अर्धं मिनिट कुणी ऐकत नाही.

यंत्र चालू करायचं, कॉफी घ्यायची, ते तासभर तापू द्यायचं आणि मग खुर्चीत बसून, डोळे मिटून आवाजाबद्दल मत द्यायचं, अशी आमच्यात रीत आहे. थंड यंत्र ऐकून जो बोलतो तो आमच्या लेखी नवशिका. मीही ही रीत कसोशीने पाळत आलो. आमच्या इथल्या मराठी मंडळींनी दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा मला गमतीदार गिऱ्हाइकं आठवायला हवी होती. आठवलं ते हे अर्धं मिनिट, आणि त्यापायी एका बाईंना मी दिलेला त्रास.

आधी धंदा सांगतो, कारण तो फारसा कुणाला माहीत नसतो.

मी बेंगळुरूत, चामराजपेटेत राहतो. आमचं घराणं इथं इतक्या पिढ्या आहे की महाराष्ट्रात तुमचं गाव कुठलं असं कुणी विचारलं तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. घरात मराठी, दारात कन्नड आणि कामावर जे चालेल ते. घराच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. तिथं मी जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे प्री-अँप्लिफायर दुरुस्त करतो. तबकडीच्या खाचेतून सुई जो आवाज उचलते तो विजेच्या रूपात फारच दुबळा असतो. त्याला पहिलं बळ देणारी पेटी म्हणजे प्री-अँप. पुढचा मोठा अँप्लिफायर मग त्याला खोलीभर करतो.

या पेटीला वीज लागते, पण भिंतीतून येणारी वीज तिच्या कामाची नसते. ती वीज झोपाळ्यासारखी पुढं-मागं होत राहते, आणि पेटीला हवी असते एकाच दिशेने वाहणारी. म्हणून वाटेत एक दार बसवतात, जे एकाच बाजूला उघडतं. त्याला म्हणतात रेक्टिफायर. हे दार दोन प्रकारचं असतं. एक डायोड: काळ्या मिरीएवढा, स्वस्त, थंड, बटण दाबताच उघडणारा. दुसरा जुना, काचेचा व्हॉल्व्ह. त्याच्या आत एक तार तापते, त्या तारेवरची नळी तापते, नळी पुरेशी लाल झाली की मग वीज आत यायला लागते. तीही एकदम येत नाही. दार किलकिलं होतं, मग अर्धं, मग पूर्ण. डायोड आल्यावर हे काचेचं दार जवळजवळ सगळीकडून गेलं. आता काही वर्षांपासून हौशी लोक ते परत मागतात. डायोड काढा, व्हॉल्व्ह बसवा, आवाज गोड होतो म्हणतात. माझी बायको सुमित्रा या कामाला ‘मिरी काढून काच बसवणं’ म्हणते.

याच्याआधी मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत वीजपुरवठ्याची यंत्रं तपासायचो. तिथं आमचं सगळं शहाणपण एका गोष्टीत होतं: बटण दाबल्यापासून यंत्र किती लवकर जागं होतं. प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा लवकर जागी व्हायला हवी. पापणी लवायच्या आत झाली तर टाळ्या. मी त्या टाळ्या खूप घेतल्या. पुढे तो विभागच बंद झाला, मी घरी आलो आणि मागच्या खोलीत टेबल टाकलं. सुरुवातीला तर माझ्याकडे उलटंच काम येई. जुन्या पेटीतला मेलेला काचेचा रेक्टिफायर काढून डायोड लावायचे. पेटी थंड राहते, खर्च वाचतो, गिऱ्हाईक खूश. काढलेल्यातले जिवंत व्हॉल्व्ह मी एस. पी. रोडवरच्या एका दुकानात विकून यायचो. म्हणजे आधी मी काचा काढल्या आणि आता त्याच हातांनी बसवतो.

बसवताना मात्र मी गिऱ्हाइकाला खरं सांगायचो, आणि याचा मला अभिमान होता. मोठ्या अँप्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह रेक्टिफायरनं फरक पडतो. तिथं वीज भरपूर खर्च होते, जोराचा सूर आला की हे काचेचं दार थोडं दमतं, आणि ते दमणं कानाला मऊ लागतं. प्री-अँपला वीज लागते चिमूटभर. तिथं दमायचं कशाला? सगळं नीट तापल्यावर डायोड आणि व्हॉल्व्ह यांच्यातला फरक मला मीटरवरही दिसत नाही आणि कानालाही कळत नाही.

मारतहळ्ळीत राहणारा तन्मय नावाचा एक मुलगा आला होता. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, महिन्याभरापूर्वी घेतलेला नवाकोरा प्री-अँप घेऊन. त्याला काच हवी होती.

“सर, मी फोरमवर वाचलंय, साउंडस्टेज एकदम ओपन होतो.”

म्हणजे आवाज खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. मी त्याच्यासाठी एक खेळ केला. दोन्ही बसवले, मध्ये एक खटका लावला. खटका इकडे असला की डायोड, तिकडे असला की व्हॉल्व्ह. पेटी तासभर तापवली, त्याला पाठमोरा बसवलं आणि खटका फिरवत राहिलो.

“आता कोण?”

“व्हॉल्व्ह. डेफिनेटली.”

“डायोड.”

“ओके, आता हा व्हॉल्व्ह.”

“अजून डायोडच आहे. मी हातच लावला नाही.”

तो वळून बसला. मग म्हणाला, “सर, रात्री लाइट बंद केल्यावर तो असा केशरी दिसतो ना?”

“दिसतो.”

“मग राहू दे. बसवून टाका.”

मी हसत हसत बसवून दिला. मला वाटलं, मी दोघांचंही समाधान केलं, त्याचं आणि सत्याचं. प्रामाणिकपणाचाही एक माज असतो आणि तो तेव्हा माझ्यात पुरेपूर मुरला होता.

त्या माजाच्या दिवसांत नागोजीराव माने आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, शेषाद्रीपुरममध्ये राहणारे, माझ्या वडिलांच्या ओळखीतले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला यमुनाक्का. फेब्रुवारीचे दिवस होते, रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा होता. ऑटोतून उतरले तेव्हा त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली पेटी होती आणि चादरीवर तीच फुलं पडली होती.

“ऊट झालं का तुझं?” त्यांनी आत येता येता विचारलं. जेवलास का, हे आमच्यात असंच विचारतात.

“झालं अण्णा. या, बसा.”

“बसतो. आधी हिला उतरवून घे. ऑटोवाल्याला वाटलं आत देव आहे. बिचाऱ्यानं सगळे खड्डे चुकवले.”

चादर सोडली. जुना, हातानं बांधलेला प्री-अँप होता. तरुणपणी त्यांनी खात्यातल्याच एका हौशी सहकाऱ्याकडून करून घेतलेला.

“चालू केलं की धाड् करतं,” अण्णा म्हणाले. “डायोड घातल्यापासून करतंय. आता किती वर्षं झाली देव जाणे. आम्हाला सवय झाली होती. पण आता यमुनाची सवय गेली.”

“गेली म्हणजे?”

“विसरते ती हल्ली.” त्यांनी चादरीची घडी घालायला घेतली. “धाड् झालं की दचकून उठते. ‘कोण पडलं?’ म्हणते. मी म्हणतो, कुणी नाही. तिला पटत नाही. घरभर बघून येते, न्हाणीघरात बघते, मागचं दार उघडून बघते. मला हाताला धरून म्हणते, दाखवा, तुम्ही तर पडला नाहीत ना. तोवर तबकडीची एक बाजू संपते. आणि तिचा जीव थरथरतो तो वेगळाच.”

मी स्क्रूड्रायव्हर शोधून हातात घेतला.

“संध्याकाळी आम्ही एक तास ऐकत बसतो. लग्नापासून. तो एक तास ती माझ्याजवळ असते रे. बाकी दिवसभर मी कोण ते तिला शोधावं लागतं.” घडी पूर्ण झाली होती, तरी ते तिच्यावरून हात फिरवत राहिले. “पूर्वी असं धाड् होत नव्हतं. पूर्वी तिथं काचेचं काहीतरी होतं. ते गेलं तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, आता मिळत नाही, आणि हे घातलं. ते परत बसवता येईल का?”

मी पेटी उलटी करून खालचा पत्रा काढला. आतल्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरशेजारी, एका गोल भोकावर पत्र्याचा तुकडा स्क्रूनं बसवला होता. तिथंच तो व्हॉल्व्ह असणार. त्याला तापवण्यासाठी ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या दोन तारा कापून, टोकांना काळी पट्टी गुंडाळून कडेला दुमडून ठेवल्या होत्या. म्हणजे जागा होती, ताराही होत्या. येणाऱ्यासाठी पाट मांडून ठेवावा तसं सगळं तयार होतं. मी ते पाहिलं. अण्णाही माझ्याकडे पाहत होते.

“होतं इथं, अण्णा,” मी म्हटलं. “पण प्री-अँपमध्ये त्यानं आवाजात काही फरक पडत नाही. ते सगळं मनाचं असतं. मी एक छोटा रिले टाकतो, दहापट स्वस्त.”

रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका. पेटी चालू झाली की तो आवाजाची वाट अडवून धरतो. आतली सगळी आदळआपट संपली की टक् करून वाट मोकळी करतो. धाड् बाहेर येतच नाही.

“मग ती दचकणार नाही?”

“अजिबात नाही.”

“सरी, बरं,” अण्णा म्हणाले. “तुला कळतं ते कर.”

मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि हेच मला आजही टोचतं. फसवलं असतं तर निदान काय केलं ते मला ठाऊक असतं. मी तर त्या माणसाला खरं सांगून, त्याचे पैसे वाचवून, वर स्वतःवर खूश होऊन निरोप दिला.

रिले बसवला. पेटी माझ्या टेबलावर तासभर तापवली, आमच्या रीतीप्रमाणे, आणि मग ऐकली. सुरेख होती. धाड् गेलं की नाही ते मीटर लावून पाहिलं. पूर्ण गेलं होतं. अण्णा येऊन पेटी घेऊन गेले. ऑटोत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, उलट मलाच सांभाळून घेतल्यासारखं बोलत होते.

“धाड् गेलं हं. एकदम गेलं. तू काम चोख केलंस.”

“मग अण्णा?”

“ती खोलीतच येत नाही आता.”

मी त्याच संध्याकाळी गेलो. शेषाद्रीपुरममधलं त्यांचं घर लहान आहे. पुढची खोली, तिला लागून स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी. त्यातल्या एकीवर पातळ उशी होती, ती यमुनाक्कांची. यमुनाक्का स्वयंपाकघरात स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी हाक मारली तर वळून हसल्या, पण उठल्या नाहीत.

“तू स्वतः बघ,” अण्णा हळूच म्हणाले. त्यांनी तबकडी ठेवली, ती फिरायला लागली, आणि त्यांनी सुई टेकवली. मोठा अँप्लिफायर चालू होता, प्री-अँप अजून बंदच होता.

“अण्णा, आधी बटण...”

“आमचं पहिल्यापासून असंच आहे. सुई आधी, बटण नंतर. सुई टेकताना खरखर होते ना, ती तिला आवडायची नाही. म्हणून सुई टेकवायची आणि मग चालू करायचं. गाणं आपोआप यायचं.”

त्यांनी बटण दाबलं. आणि त्या शांततेत मला काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं शेजारच्या घरात कुणी गातंय. मग वाटलं, रस्त्यापलीकडे. मी वाकलो. सुई स्वतःच गात होती. खाचेत थरथरणारं ते टोक, त्याचा स्वतःचा आवाज, अगदी डासाएवढा. त्यात सगळं होतं, शब्द, तान, मागची बाजाची पेटी, फक्त दूर, फार दूर, झोपेत ऐकू यावं तसं. कोणतीही तबकडी असं गाते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण माझ्या खोलीत त्या क्षणी मी नेहमी कॉफी घ्यायला गेलेलो असायचो.

मी वाकून त्या लहानशा आवाजाकडे कान नेत होतो, तेवढ्यात पेटीत टक् झालं आणि एक पूर्ण वाढलेली बाई मध्येच, अर्ध्या ओळीवर, खोलीभर गायला लागली.

मी दचकलो. मी. ज्यानं तो रिले बसवला तो.

स्वयंपाकघरातून यमुनाक्कांचा आवाज आला, “त्या बाईला जायला सांगा हो. न विचारता आत येते.”

अण्णांनी बटण बंद केलं. सुई पुन्हा तिच्या डासाच्या आवाजात गात राहिली. त्यांनी ती उचलली.

“पहिल्या दिवशी खुर्चीत छान बसली होती,” ते म्हणाले. “सुईचं ऐकत होती. तिचे कान अजून तीक्ष्ण आहेत. मला म्हणाली, कुठंतरी गाताहेत. मी म्हटलं, हो. आणि एकदम ती बाई खोलीत उभी. यमुना उठली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. पूर्वी निदान कोण पडलं ते बघायला जायची आणि परत यायची. आता येतच नाही.”

मी मीटरवर पाहिलं होतं की धाड् गेलं. मीटरला कुणी सांगितलं नव्हतं की त्या खोलीत एक बाई बसलेली असते, तिला आज आणि तेव्हा यांच्यातली भिंत दिसत नाही, आणि तिच्या हिशेबात गाणं लांबून चालत येतं. डायोडच्या आधीच्या त्या वर्षांत तिनं ते रोज तसंच येताना ऐकलं होतं. सुईचं बारीक गाणं चालू असतानाच काचेचं दार किलकिलं होई आणि तोच आवाज वाढत वाढत मोठा होई. एकातून दुसरा कधी झाला ते कुणाला कळत नसे. व्हॉल्व्हनं फरक पडत नाही, असं मी म्हटलं होतं. तासाभरानंतर पडत नाही हे खरंच आहे. पडतो तो पहिल्या अर्ध्या मिनिटात, आणि तेवढंच आम्ही कुणी ऐकत नाही.

मी पेटी चादरीत गुंडाळली. या वेळी माझ्या मांडीवर घेऊन ऑटोत बसलो.

दुसऱ्या दिवशी एस. पी. रोडला गेलो. ज्या दुकानात मी काढलेले व्हॉल्व्ह विकायचो, त्याचे मालक अजून तिथंच बसतात. मी व्हॉल्व्हचा नंबर सांगितल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“आता तू घ्यायला येतोस? तेव्हा पिशवी भरून आणायचास. मी म्हणायचो, ठेव रे एखादा घरी. तर म्हणायचास, कशाला, डायोड आहे ना!”

“चूक झाली.”

“चूक कसली? तुझ्यामुळे माझं घर चाललं. स्वल्प कूतको.” थोडं बस, एवढं म्हणून ते माळ्यावर चढले आणि धूळ झटकत दोन खोकी घेऊन उतरले. एकातल्या व्हॉल्व्हची काच आतून पांढरी पडली होती, म्हणजे त्यात हवा शिरली होती. दुसरा चांगला होता. त्याचे पैसे देताना मी घासाघीस केली नाही. त्यांनी संशयानं माझ्याकडे पाहिलं आणि आपणहून कमी केले.

घरी येऊन मी तो पत्र्याचा तुकडा काढला. खालचं गोल भोक स्वच्छ होतं. नवा सॉकेट बसवला, काळी पट्टी सोडवून त्या दोन तारा त्याला जोडल्या, डायोड काढले, रिलेही काढला. आधीच्या दुरुस्तीवाल्यानं डायोडच्या जोडीला एक मोठा कपॅसिटर घातला होता. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी. डायोड कितीही मोठी टाकी एका दमात भरतो, काचेच्या दाराला ते झेपत नाही, तिथूनच ते जळतं. म्हणून टाकी लहान केली. जुना ट्रान्सफॉर्मर आता एक तार जास्त तापवणार होता, त्यावर दिवसभर हात ठेवून पाहिलं. कोमट झाला, त्यापेक्षा गरम झाला नाही.

आणि मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. थंड पेटी ऐकायला बसलो. सुई टेकवायची, बटण दाबायचं, ऐकायचं. पूर्ण आवाज आला की बंद करायचं. पेटी गार होईपर्यंत थांबायचं. पुन्हा तेच.

दुपारची वेळ असायची. खिडकीतून रस्त्यावरच्या झाडाची सावली टेबलावर हलायची. आधी फक्त सुई गायची. मग काचेच्या आत, अगदी तळाशी, उदबत्तीच्या टोकाएवढं लाल दिसायचं. ते वर चढायचं. आवाजाला अजून पत्ता नसायचा, पण खोलीतली शांतता थोडी बदलायची, कुणीतरी दाराबाहेर चप्पल काढत असावं तशी. मग तो डासाचा आवाज जरासा मोठा वाटायचा. वाटायचं, आपणच पुढं झुकलो असू. नसायचो. तो आवाज मागच्या घरातून मागच्या अंगणात, अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून उंबऱ्यापर्यंत यायचा. कुठल्या क्षणी तो सुईचा राहिला नाही आणि स्पीकरचा झाला, हे मला एकदाही पकडता आलं नाही. लहानपणी दुपारी झोपलो असताना शेजारच्या खोलीत आई कुणाशी बोलायची. ते बोलणं आधी स्वप्नात यायचं, मग कानात, आणि मग मी जागा झालेला असायचो. मधला सांधा कधी सापडायचा नाही. हे तसंच होतं. मी माझी सगळी नोकरी हा सांधा कापून टाकण्यात घालवली होती. आमच्या यंत्रांत स्वप्न आणि जाग यांच्यात काही उरूच द्यायचं नव्हतं.

सुमित्रा दारात येऊन उभी राहिली. “दुपारपासून लावताय, बंद करताय, लावताय, बंद करताय. बिघडलंय का?”

“नाही.”

“मग पुढचं गाणं का ऐकत नाही?”

“एवढंच ऐकायचंय.”

ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. आवाज पूर्ण आला तेव्हा म्हणाली, “हं.” आणि आत गेली. जरा वेळानं स्वयंपाकघरातून विचारलं, “परत लावणार आहात का? लावाल तेव्हा मला बोलवा.”

अण्णांकडे पेटी घेऊन गेलो तेव्हा मला खरं तर भीती वाटत होती. एकदा घाबरलेल्या माणसाला आता घाबरायचं कारण नाही हे कसं सांगणार? आणि विसरणाऱ्या माणसाला नेमकी भीतीच तेवढी आठवत राहिली तर? अण्णांच्या मनातही तेच असावं. त्यांनी पेटी जागेवर ठेवताना हाताचा आवाज होऊ दिला नाही.

यमुनाक्का स्वयंपाकघरातच होत्या, त्याच स्टुलावर.

“यमुना, येतेस का? ऐकू या.”

“तुम्ही ऐका.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सुई आधी, बटण नंतर. आम्ही दोघं उभेच होतो. काचेच्या तळाशी लाल ठिपका दिसला, तसं अण्णांनी माझं मनगट धरलं. आवाज आला. त्याच्या त्याच्या चालीनं, कुठूनतरी लांबून, भरत भरत आला.

आम्ही स्वयंपाकघराकडे पाहत होतो. कोण पडलं, असं कुणी विचारलं नाही. कोण आलं, असंही नाही. बाजू संपत आली तेव्हा यमुनाक्का उंबऱ्यापाशी आल्या होत्या. हातात एक पेला होता, तो पुसत होत्या. गाणं संपलं तसं तिथूनच परत वळल्या.

“पुन्हा लावू?” अण्णांनी विचारलं.

“आत्ता गरम आहे, अण्णा. आत्ता लावलं तर लगेच येईल. गार होऊ द्या.”

मग आम्ही कॉफी घेतली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी यंत्र गार होण्यासाठी कॉफी घेत होतो. अण्णांनी ती उशी उचलून झटकली आणि परत खुर्चीवर ठेवली. बाहेर अंधारून आलं होतं, दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

दुसऱ्यांदा सुई टेकवली तेव्हा यमुनाक्का उंबऱ्यात होत्या. अण्णांनी बटण दाबलं. त्यांचा ताण कमी करावा म्हणून मी त्यांच्या कानाशी पुटपुटायला लागलो, की अण्णा, आता आत ती तार तापते आहे, तापली की वीज हळूहळू चढेल. आणि मला पुढचंही बोलायचं होतं. मी ती जागा, त्या तारा पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. तुम्ही विचारलंत आणि मी मनाचं असतं म्हटलं. अक्का भिंतीला टेकून उभ्या राहिल्या त्या माझ्यामुळे. हे सगळं मी वाटेत मनाशी जुळवून आणलं होतं. “अण्णा,” मी म्हटलं, “मला तुम्हाला एक...”

यमुनाक्का आत आल्या. खुर्चीचा हात चाचपून, उशी नीट करून बसल्या आणि माझ्याकडे पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू रे,” त्या म्हणाल्या. “ती येतेय.”

अण्णा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. सुई गात होती, काच लाल होत होती आणि अजून काहीच आलं नव्हतं. माझं वाक्य तसंच तोंडात राहिलं. पुढेही ते बोलायची वेळ आली नाही. आम्ही तिघं अंधारात वाट बघत बसलो.